मागच्या भिंतीतलं दार

७ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

सकाळी साडेसहाला सटाण्याहून टेम्पो निघाला, साडेनऊला नाशिकला पोचलो. सामान उतरवायला दोन तास लागले. लोणच्याची एक बरणी फुटली, बाकी सगळं नीट आलं. दुपारी खानावळीतून डबा आणला. संध्याकाळपर्यंत हॉल आणि स्वयंपाकघर लावून झालं.

घर मला आवडलं. मखमलाबाद रस्त्यावरून आत, जुन्या कॉलनीच्या शेवटच्या ओळीत आहे. पुढे दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकघर, मागे एक मोठी खोली. मागच्या भिंतीपलीकडे थोडी मोकळी जागा आणि मग कोणाची तरी द्राक्षबाग. माझ्या बायकोने, सुलाने, मेमध्ये हे घर पाहिलं तेव्हाच मागची खोली आमच्या मुलीच्या, सृष्टीच्या, बाळंतपणासाठी ठरवून टाकली होती. जुलैत सुला गेली. घराचा व्यवहार मी एकट्याने पुरा केला, कारण ते तिचं ठरलेलं होतं.

सृष्टीला आठवा महिना आहे. ती सव्वीस तारखेला संभाजीनगरहून येईल. तोपर्यंत एकच मोठं काम आहे. सगळ्या खिडक्या-दारांना वाळवी लागली आहे, ती बदलायची. बाकी घर मजबूत आहे. आज बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली.

९ नोव्हेंबर, शनिवार

खिडक्या-दारांचा कंत्राटदार येऊन गेला. किशोर नाव, पस्तिशीचा असेल, बोलका. पुढच्या खिडकीच्या चौकटीत त्याने पेन्सिल टोचली तर ती अर्धी आत गेली. म्हणाला, "काका, ही खिडकी नाही, वाळवीचं वसतिगृह आहे."

माप घ्यायची त्याची पद्धत मला आवडली. प्रत्येक खिडकीची रुंदी तो तीन ठिकाणी मोजतो, उंचीही तीन ठिकाणी, आणि त्यातलं सर्वांत लहान माप धरतो. जुन्या भिंती सरळ नसतात म्हणे. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी पट्टी लावून पाहतो. मी बत्तीस वर्षं कारकुनी केली, असं काम करणारा माणूस मला लगेच कळतो. खिडक्या पांढऱ्या यूपीव्हीसी प्लॅस्टिकच्या, पुढचं दार लोखंडी, तीन ठिकाणी लॉक होणारं. खिडक्यांना आतून गज.

मागच्या खोलीत त्याने बाहेरच्या भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि थांबला. मला बोलावून ऐकवलं. भिंतीच्या मधल्या भागाचा आवाज वेगळा येतो. इथे पूर्वी काहीतरी होतं, नंतर बुजवलं, असं तो म्हणाला आणि पेन्सिलीने तेवढी चौकोनी रेघ मारली.

११ नोव्हेंबर, सोमवार

शेजारच्या भागीबाई मेथीची जुडी घेऊन आल्या. सत्तरीच्या आहेत, आयुष्यभर बागांमध्ये छाटणीला गेल्या. कोण, कुठले, बायको कधी गेली, मुलगी कधी येणार, सगळं विचारून घेतलं. घर दाखवलं. मागच्या खोलीत पेन्सिलीची रेघ दिसल्यावर त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. तिथूनच काही गोष्टी बोलल्या. मी म्हणालो, आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात नक्षत्र, पंचक काही मानत नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमी मानू नका. त्याला कोण सांगनार?"

त्या गेल्यावर मी किशोरला फोन केला. मागची जागा फोडून तिथे दार करायचं ठरवलं. सृष्टीला आणि बाळाला सकाळचं ऊन मिळेल.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काम सुरू झालं. किशोरबरोबर कारभारी नावाचा मिस्त्री आहे, पन्नाशीचा, कमी बोलणारा. दिवसभरात पुढच्या तीन खिडक्या निघाल्या. दुपारनंतर मागची भिंत घेतली.

प्लॅस्टर निघाल्यावर कारभारीने मला विटा दाखवल्या. "हे गवंड्याचं काम नाय," तो म्हणाला. "सांधा सांध्यावर आलाय. घरच्या मान्सांनी घाईत बुजवलंय." सगळ्या विटा काढल्यावर जे निघालं ते दाराच्या मापाचं नव्हतंच. रुंदी जवळजवळ पाच फूट, उंची जेमतेम चार. कारभारी म्हणाला, असं भोक कशासाठी पाडतात ते त्याला ठाऊक नाही, पण दारासाठी नाही. किशोर हसून म्हणाला की पूर्वीच्या मालकाकडे म्हैस असेल.

त्यांनी वर फोडून उंची सात फूट केली, बाजूने रुंदी कमी केली. चौकट बसवताना किशोरने नारळ फोडला. मी नको म्हणालो नाही. खोबरं चांगलं निघालं.

दार सोमवारी येणार आहे. तोवर प्लायवूडचा तक्ता आडवा लावतो, तारेने बांधतो, असं किशोर म्हणाला. मी सांगितलं, बांधू नको, नुसता टेकव.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज कामगार नाहीत. सकाळी बाजार केला. सृष्टीच्या खाटेसाठी गादी सांगून आलो. तिचा फोन आला होता, पाय सुजलेत म्हणाली.

संध्याकाळी मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. बागेकडून गार वारा येतो.

प्लायवूड सकाळी एका बाजूला सरकलेला होता. खाली चुन्याच्या धुळीत अनवाणी पावलं आहेत. आत येणारी. कारभारीची असतील. पण तो पायात बूट घालतो.

१८ नोव्हेंबर, सोमवार

वाईट दिवस. कारभारीचा हात गेला.

उंबऱ्याची ग्रॅनाइटची पट्टी मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली होती. दोघांनी मिळून उचलावी लागते, एवढी जड. कारभारी चौकटीपाशी बसून तळ साफ करत होता, हात जमिनीवर टेकलेला. मी दारात उभा होतो. किशोर बाहेर होता. पट्टी घसरली नाही. घसरली असती तर भिंतीलगत खाली आली असती. ती आधी वर उचलली गेली, माझ्या छातीएवढी, आणि मग आपटली. एकदा नाही, दोनदा.

तीन बोटं जागेवरच तुटली. रक्त माझ्या पायांपर्यंत उडालं. कारभारी ओरडला नाही, नुसता हाताकडे बघत राहिला. किशोरने टॉवेल गुंडाळला आणि गाडीवरून दवाखान्यात नेलं. बोटं मी रुमालात घेऊन मागून रिक्षाने गेलो. डॉक्टर म्हणाले, चेचली आहेत, जोडता येणार नाहीत.

किशोरला मी पट्टी घसरली असंच सांगितलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी अकरा वाजता स्वयंपाकघरात भाजी चिरत होतो. डाव्या गालावर थोबाडीत बसली. ओट्यावर पडलो. खालचा एक दात तुटला. मागे वळून पाहिलं, कोणी नाही. उठत होतो तेव्हा बरगडीत लाथ.

लाथच होती. हे मी चक्कर म्हणून लिहू शकलो असतो. आरशात गालावर चार बोटं उमटलेली आहेत. हात मोठा आहे.

पुढचे पाच तास काही नाही. चारला पुन्हा. केस धरून डोकं दाराच्या नव्या चौकटीवर—

रक्त थांबलं आहे. हळद लावली.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. किशोर येणार नव्हता. नाव अजून सटाण्याच्या यादीत, सकाळी तिथे जाऊन मत देऊन आलो. केंद्रावर दोघा-तिघांनी तोंडाला काय झालं विचारलं. पडलो म्हणालो.

आता खरं लिहितो. अकरा तारखेला भागीबाईंनी मला सगळं सांगितलं होतं. वाईट नक्षत्रावर माणूस गेला की त्या घरचे लोक त्याला दारातून नेत नाहीत. भिंत फोडतात, तिथून तिरडी काढतात आणि त्याच दिवशी बुजवतात. मेलेला ज्या वाटेने गेला तीच वाट शोधत परत येतो, म्हणून. हे सांगून त्या म्हणाल्या की ती वाट उघडू नका.

मी ते मानत नाही. पण ऐकल्यावर माझ्या मनात एकच आलं. वाट असेल तर सुला येईल. मेलेल्यांसाठी एक दार असतं आणि ते माझ्या घरात आहे. ऊन, बाळ, हे सगळं मी स्वतःला सांगितलं. प्लायवूड म्हणूनच बांधू दिला नाही. शनिवारी खुर्ची टाकून बसलो ते वाऱ्यासाठी नाही.

ती या घरातून गेलीच नव्हती. ती सटाण्याच्या घरातून गेली. एवढं साधं मला सुचलं नाही.

आज भागीबाईंकडे जाऊन पहिल्यांदा विचारलं की इथून कोण गेला होता. त्या म्हणाल्या, चिमाजी, पहिल्या मालकाचा बाप. "लय मारकुटा. बायको मेली ती त्याच्याच हातची, पन बोलायचं कोनी? सुनांना मारायचा, पोटुशी असली तरी सोडायचा नाय. धाकलीचं मूल तसंच गेलं. आंथरुनाला खिळला तरी हाताखाली काठी. मेला तवा पोरांनी आधी भिंत फोडली, मग रडायला बसले."

पोटुशी असली तरी.

सहा दिवस उरले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी किशोरला सांगितलं, मागचं दार नको, वीट लावून भिंत पूर्ववत कर. तो चिडला. काका, चौकट बसवली, दार आणलं, आता भिंत? तुम्ही आधी ठरवा ना. पण माझं तोंड बघून पुढे बोलला नाही. दुसरा माणूस मिळाला नाही म्हणून स्वतः बसला. चौकट काढली आणि बाहेरून वीट लावत आणली. नऊ इंची भिंत, सिमेंट भरपूर, सांध्यावर सांधा येऊ न देता. म्हणाला, ही आता बुलडोझरने पण निघणार नाही.

पाचला काम संपलं. मी आत उभा राहून शेवटची वीट बसताना पाहिली. नंतर पुढचं लोखंडी दारही बसवून गेला. तीन बोल्ट एकदम बसतात, आवाज चांगला येतो.

रात्री शांत झोपलो. काही झालं नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

किशोर मेला.

सकाळी खिडक्यांना सिलिकॉन भरायला आला. दहाच्या सुमारास. मागच्या खोलीत एक गज अर्धा इंच जास्त होता, तो कापायला ग्राइंडर काढला. कापून झाला. त्याने मशीन खाली ठेवलं, प्लग काढला, वायर गुंडाळली. हे मी पाहिलं. चहा घेऊन आलो होतो.

तो म्हणाला, "काका, तुमची मुलगी खूश होईल बघा." तेवढ्यात त्याचं डोकं मागे ओढलं गेलं. केसांना धरून. मशीन जमिनीवरून वर आलं आणि सुरू झालं. वायर गुंडाळलेलीच होती.

मी ते धरायला गेलो. धरलं होतं. माझ्या तळहातावर वार आहे, हाडापर्यंत. त्याच्या मानेत गेलेलं मला ओढून काढता आलं नाही. रक्त छताला लागलं. नव्या काचेवरून ते खाली ओघळत होतं आणि मशीन चालूच होतं, तो पडल्यावरसुद्धा. मग बंद झालं.

पोलीस आले. पंचनामा. अपघात. प्लग बोर्डात नव्हता, हे मी सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं नाही.

त्याची बायको दवाखान्यात भेटली. मला म्हणाली, ते तुमच्या घराबद्दल घरी बोलायचे, काका फार सरळ माणूस आहे म्हणायचे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

रात्र पोलीस ठाण्याच्या बाकावर, मग भागीबाईंच्या ओट्यावर काढली. निकालाचे फटाके चालू आहेत, सकाळपासून.

भागीबाईंना विचारलं, वाट तर बुजवली, मग हे कसं झालं? त्यांनी विचारलं की बुजवली तेव्हा तो कुठे होता. बुधवारी संध्याकाळीही मला आतच मारलं होतं. त्या म्हणाल्या, "आत होता तवाच बुजवलं? आता तो जाईल कुठून?"

त्याला तेवढी एकच वाट माहीत आहे. ती मी उघडली आणि तो आत असताना मीच बंद केली.

सृष्टीला अपघाताची बातमी कळली. म्हणाली, बाबा तुम्ही एकटे नका राहू, मी सोमवारीच येते. जावई अश्विन गाडीने सोडेल. नको म्हणालो. ती म्हणाली, आईने ठरवलेली खोली मला बघायची आहे.

उद्या भिंत फोडतो. रविवार आहे, एक दिवस पुरेल. सोमवारी सकाळपर्यंत तो गेलेला असला पाहिजे.

२४ नोव्हेंबर, रविवार

आठला आत आलो. किशोरची छन्नी आणि घण इथेच होते. पहिला घाव घातला. लगेच पाठीत फटका बसला. दुसरा घाव — दुसरा फटका. मी एक मारायचा, त्याने एक. घण उचलला की वाट बघायची.

त्याला जायचं नाही. किंवा कळत नाही की हे त्याच्यासाठी आहे. सांगून पाहिलं. चिमाजी असं नावाने हाक मारली. दात लागले असावेत दंडाला, असं काहीतरी—

बारा वाजेपर्यंत एक वीट. किशोरचं सिमेंट.

दीडला उजवं मनगट मोडलं. घणाच्या दांड्याने, माझ्याच. बाहेर जायला निघालो, पुढच्या दारापर्यंत पोचलो. बोल्ट उघडला. पाय धरून मागे, हॉलमधून, स्वयंपाकघरातून. हनुवटी फरशीवर. दार त्याने लावलं. तिन्ही बोल्ट एकदम बसतात.

डाव्या हाताने लिहितो.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सात. फोन चालू आहे. पोलीस, भागीबाई, कोणालाही लावता येईल. जो येईल त्याचं किशोरसारखं होईल. लावला नाही.

ती नऊला निघणार. आधी साधं सांगून पाहिलं. येऊ नको, रंगाचा वास आहे. चालेल म्हणाली. मला ताप आहे. मग तर येतेच.

खरं सांगितलं असतं तर ती अर्ध्या तासात निघाली असती.

मग ते बोललो. तुझ्या लग्नाच्या हट्टाने तुझी आई खचली, तिथून तिचं दुखणं सुरू झालं. तुला इथे येऊन तिच्या खोलीत झोपायची लाज वाटली पाहिजे. मला तुझं तोंड बघायचं नाही, मुलाचंही नाही.

असं काही नव्हतं. सुला त्या लग्नात सगळ्यांत जास्त नाचली होती.

ती "बरं, बाबा" म्हणाली.

दहाला अश्विनचा फोन. शिव्या दिल्या. तुमच्या मुलीला या अवस्थेत असं बोलवतं कसं, माणूस आहात का. पुन्हा आम्हाला फोन करायचा नाही, मेलात तरी कळवायचं नाही. मी त्याचे आभार मानणार होतो, तेवढ्यात त्याने ठेवला.

भागीबाई खिडकीशी आल्या होत्या. गजातून सांगितलं — कोणी विचारलं तर मी गावाला गेलो. त्या रडत होत्या. मग मला खिडकीपासून मागे — काच फुटली नाही. चांगली काच आहे.

बरगड्या. श्वास पुरता—

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मुळात आज ती येणार होती. नऊ वाजले. दहा. बारा वाजले, रस्त्यावर गाडी नाही. कोणी आलं नाही.

घण घ्यायला गेलो नाही. सकाळपासून मारलेलं नाही. मागच्या खोलीत चालण्याचा आवाज — इकडून भिंतीपर्यंत, परत. थांबतो. परत.

एक वाजला. ती येत नाही. आता नक्की.

शर्ट पाठीला चिकटला होता, पाण्याने सोडवून काढला. गार पाण्यात मीठ टाकून भिजवला. रक्त गार पाण्यानेच जातं. डाव्या हाताने पिळता येत नाही, तसाच दोरीवर टाकतो, गळू दे. चिमटे ओट्याखालच्या डब्यात —

आवाज थांबला.

चिमटे सापडले. दोन पुरेत. एक बाहीला, एक